हँडब्रेक, खिसा, फू

मास्तरांनी गावातल्या अर्ध्या माणसांना गाडी चालवायला शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या गाड्यांपासून जीव वाचवायला. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना शर्टाच्या खिशावर हात मारून पाकीट जागेवर आहे ना, हे बघत. पाकीट नेहमी जागेवर असे. मास्तरांच्या आयुष्यात दोन गोष्टी कधी हलल्या नव्हत्या: वरच्या खिशातली सिगारेट आणि पायाखालचा जादा ब्रेक.

तो ब्रेक त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीचा आत्मा होता. शिकाऊ माणसाच्या हातात चाक, मास्तरांच्या पायाखाली ब्रेक. माणूस कितीही बावचळला, समोरच्या खांबाला मिठी मारायला निघाला, तरी मास्तर आवाज चढवत नसत. "ओरडून गाडी थांबत नाही हो," ते म्हणत आणि पाय दाबत.

गाडी ते स्वतः शिकले होते वयाच्या सतराव्या वर्षी, ट्रकवर. वडिलांचा एक मित्र होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. भरलेला ट्रक चढावर न बंद पडता उचलला की उस्ताद खूश व्हायचा आणि स्वतःच्या तोंडातली पेटती सिगारेट पोराच्या ओठांत द्यायचा. बक्षीसच ते. पहिल्या दिवशी पोरगं रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकलं. दुसऱ्या दिवशी नुसतं खोकलं. थोड्याच दिवसांत ना ट्रक बंद पडायचा, ना सिगारेट. क्लच आणि धूर एकाच धड्यात शिकलेला माणूस. त्या दोन गोष्टी पुढे वेगळ्या करायचं मास्तरांना कधी सुचलंच नाही.

घरात मात्र या सिगारेटवरून गेली कित्येक वर्षं युद्ध पेटलेलं होतं, आणि गंमत अशी की त्या युद्धात मास्तरांना कोणी विचारत नसे. लढाई होती त्यांची बायको आणि त्यांची थोरली बहीण यांच्यात.

बायको गावाच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मुलं तिला पाणीबाई म्हणत, आणि हळूहळू सगळं गावच म्हणायला लागलं. पाण्याला घाबरून खांबाला चिकटलेली कार्टी महिन्याभरात मासोळ्या होतात, हे तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. त्यामुळे जगात जे काही आहे ते शिकून येतं आणि शिकवून जातं, असं तिचं ठाम मत होतं.

बहीण म्हणजे अक्का. रुग्णालयात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेली, आणि आता वरच्या मजल्यावर राहणारी. शस्त्रक्रिया झालेल्या, उठता न येणाऱ्या माणसांना तंबाखूवाचून घामाघूम होताना, थरथरताना, नर्सलाच आई समजून हाका मारताना तिनं पाहिलं होतं. तिच्या मते व्यसन ही शरीराची गोष्ट होती, सर्दीतापासारखी, फक्त जास्त हट्टी.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," पाणीबाई जेवताना म्हणायची, "वाण नाही पण गुण लागला. त्या उस्तादानं शिकवलं यांना."

"आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येईल?" अक्का म्हणायची. "आमचे वडील ओढायचे. याच्या रक्तातच आहे ते."

"मग त्याच वडिलांच्या तुम्ही लेक. तुम्हाला का नाही लागलं? तुम्हाला कोणी शिकवलं नाही म्हणून."

"मला लागलं नाही, कारण मी आईवर गेलेय."

एकच घर, एकच वडील, आणि दोघी आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून तीच दोन माणसं ओढायच्या. मास्तर मधे बसून सूप प्यायचे आणि पहिल्या संधीला गच्चीवर सटकायचे. कशाला, ते सांगायला नको.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना परवान्याच्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणजे बारमाही सर्दी झालेला एक वाळका गृहस्थ. हसताना त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मास्तरांच्या शाळेतली पाच माणसं होती. शेवटी फुलवाल्या काकू. चौकात फुलांचं दुकान चालवणाऱ्या, नवरा गेल्यावर त्याची धूळ खात पडलेली गाडी स्वतः चालवायची असं मनाशी घेऊन आलेल्या.

परीक्षा संपली. परीक्षकानं मास्तरांना बाजूला बोलावलं, नाक पुसलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही सिग्नलला थांबल्यावर काय करायला शिकवता?"

"हँडब्रेक ओढायला."

"आणि मग?"

"मग काही नाही. हिरव्याची वाट बघायची."

"मग हे काय आहे?" असं म्हणून परीक्षकानं हवेतला हँडब्रेक ओढला, डाव्या छातीवर दोनदा थाप मारली, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ओठांचा चंबू करून फू केलं. "तुमची पाचही माणसं हेच करतात. मला वाटलं प्रार्थना आहे. फुलवाल्या बाईंच्या तर स्वेटरला खिसाही नाही."

मास्तरांनी वळून पाहिलं. पलीकडे काकू आनंदानं हात हलवत होत्या.

"काकू," मास्तरांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, "सिग्नलला तुम्ही छातीवर थाप का मारता?"

"तुम्हीच तर मारता," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, पट्टा नीट बसलाय का ते बघत असतील. आणि फू केलं की बरं वाटतं हो. भीती जाते."

मास्तर घरी आले ते पायाखालची जमीन सरकल्यासारखे. इतकी वर्षं, इतकी माणसं. डॉक्टरीण, दोन सुतार, शाळेच्या मुख्याध्यापिका, ग्रंथपाल. गावातल्या प्रत्येक लाल दिव्यापाशी एक माणूस आपला नसलेला खिसा चाचपत आणि नसलेला धूर सोडत बसलेला असणार. आपण गाडी शिकवत होतो की काय शिकवत होतो? त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळं सांगून टाकलं, आणि सांगायला नको होतं असं त्यांना ताबडतोब वाटलं.

पाणीबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून विजयी मुद्रेनं म्हणाली, "घ्या. आता तरी पटलं? न ओढणारीसुद्धा शिकली. वाण नाही पण गुण लागला, म्हणत होते ना मी?"

अक्का जराही डगमगली नाही. "त्यातलं एक तरी माणूस सिगारेट मागतंय का? सकाळी उठल्यावर हात कापतात का कुणाचे? हातवारे शिकता येतात, तलफ शिकता येत नाही. तलफ इथं असते," तिनं भावाच्या दंडावर बोट टोचलं.

"आणि तुम्हाला काय ठाऊक तलफ? तुम्ही कधी एक झुरका तरी घेतलाय का?"

अक्कानं चमचा खाली ठेवला. "घेतलाय," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"सोळा वर्षांची होते. वडिलांच्या खिशातून एक काढली आणि मागच्या अंगणात ओढली. आणि त्यांच्याच बुटांत ओकले. माझ्या शरीरानं तिथल्या तिथे सांगून टाकलं, नको म्हणून."

"ते बूट तू खराब केलेस?" मास्तर म्हणाले. "मार मी खाल्ला त्याबद्दल."

"पण पहिल्यांदा सगळेच ओकतात," पाणीबाई म्हणाली. ती आता हसत नव्हती. "हेही ओकले होते. शरीरानं यांनाही नकोच सांगितलं होतं, अक्का. फरक एवढाच की हे परत गेले, आणि तुम्ही गेला नाहीत."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग दोघींनी एकदम मास्तरांकडे पाहिलं. खाटकाच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांनी टांगलेल्या मालाकडे पाहावं तसं. मास्तर काय समजायचं ते समजले. त्यांनी खिशातलं पाकीट काढलं, उठून मोरीपाशी गेले आणि नळाखाली धरलं. पाकिटाचा लगदा झाला.

"सोडली," ते म्हणाले. "आता तुमचं काय ते ठरवा."

सोडली म्हणणं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठले तेव्हा जग जरा तिरपं झालं होतं. डोकं हलकं, पाय कापसाचे, हाताला बारीक कंप. अक्का नाडी धरूनच बसली होती. तिनं त्यांच्या दंडावर औषधाची पट्टी चिकटवली. दुकानात मिळते ती, कातडीतून थोडं थोडं निकोटीन देणारी. "शरीराला एकदम उपाशी मारायचं नाही," ती म्हणाली. "हळूहळू उतरवायचं."

पाणीबाईनं त्यांच्या सगळ्या शर्टांचे वरचे खिसे उसवून टाकले. "हाताला जायला जागाच नको," ती म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भलताच प्रकार सुरू झाला. वास येऊ लागले. मास्तरांना वाटत होतं आपल्याला वास येतो. तो येत नव्हता, हे आत्ता कळलं. ओल्या लाकडाचा, साबणाचा, गरम इंजिनाचा, पावाच्या भट्टीचा, शेजारच्या कुत्र्याचा. ते चौकात उभे राहून नाक वर करून श्वास घेत आणि त्यांना चक्करच येई, पण ती सुखाची. कुणी दिसलं की विनाकारण हसू फुटे. ग्रंथपाल समोरून गेला तर म्हणाले, "तुमच्या अंगाला जुन्या कागदांचा काय सुंदर वास येतो हो." ग्रंथपाल त्या दिवसापासून रस्ता बदलून जाऊ लागला.

आणि मग तो काकूंचा धडा. परवाना मिळाला होता, पण काकूंना एकटीनं गाडी काढायचा धीर होत नव्हता, म्हणून आणखी काही फेऱ्या घ्यायच्या ठरल्या होत्या. मास्तर शेजारी बसले. डोकं भिरभिरत होतं, पट्टी दंडावर होती, खिसा नव्हता. काकूंनी चौक ओलांडला, पुलावरून वळल्या, पोस्टाला वळसा घातला आणि रस्त्याच्या कडेला झोकात गाडी लावली.

"इथे का थांबलात?"

"इथेच थांबतो ना आपण?"

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. समोर पानपट्टीएवढं सिगारेटचं दुकान होतं. दुकानदार ओळखीचं हसला आणि सवयीनं त्यांचं पाकीट काढून फळीवर ठेवू लागला. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. खरोखरचं पाणी, कुत्र्याला सुटतं तसं. हात नसलेल्या खिशाकडे गेला. अक्काचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना वाटलं, हे शरीरच आहे. आणि त्याच वेळी लक्षात आलं की गावातल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला त्यांनी याच रस्त्यानं आणलं होतं. प्रत्येक धडा या दुकानापाशी संपत होता. म्हणजे बायकोचंही शंभर टक्के बरोबर होतं.

"चला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुढे चला."

"कुठे?"

"कुठेही. इथून चला."

काकूंनी गिअर टाकला आणि निघाल्या. पण बिचाऱ्यांना रस्ता एकच ठाऊक होता. पूल, पोस्ट, वळसा, आणि गाडी पुन्हा त्याच दुकानासमोर. दुकानदारानं पाकीट परत फळीवर ठेवलं.

"काकू, पुन्हा इथेच?"

"तुम्ही कुठेही म्हणालात. मला कुठेही म्हणजे हेच येतं."

तिसऱ्या खेपेला दुकानदार पाकीट हातात घेऊन रस्त्यावरच आला. त्याला वाटलं मास्तर रुसलेत. मास्तरांनी त्याचा चेहरा पाहिला, काकूंचा पाहिला, आणि त्यांच्या पोटातून असं काही हसू उसळलं की थांबेना. जादा ब्रेकवरचा पाय हसण्यानं हलत होता आणि गाडी आचके देत होती. काकूही हसू लागल्या. हसता हसता त्यांनी लाल दिव्यापाशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, छातीवर थाप मारली, फू केलं, आणि दोघांना पुन्हा हसू सुटलं. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

"डावीकडे वळा," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"डावीकडे आपण कधीच गेलो नाही."

"म्हणूनच वळा."

डावीकडचा रस्ता तरणतलावावर जात होता. आत पाणीबाईचा मुलांचा वर्ग चालू होता. मास्तर काठावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते इथे फक्त बायकोला न्यायला आले होते, तेही बाहेर उभं राहून धूर सोडायला. क्लोरीनचा वास नाकात असा घुसला की डोळे मिटले गेले.

"काय झालं?" पाणीबाई काठाशी येऊन म्हणाली. तिच्या टोपीवरून पाणी गळत होतं.

"मला पाण्यात घे," मास्तर म्हणाले. "तिथे तरी हात ओले असतील, सिगारेट धरता येणार नाही."

अख्ख्या गावाला गाडी शिकवणारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला धरून उभा राहिला, तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. पाणीबाईनं त्यांना तेच शिकवलं जे ती सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवायची. तोंड पाण्यात घाला आणि फू करा. मास्तरांनी तोंड पाण्यात घातलं आणि फू केलं. बुडबुडे उठले, कानाशी गुदगुल्या झाल्या. वर येऊन ते म्हणाले, "अगं, हे तर मला येतं."

"येणारच," पाणीबाई म्हणाली. "आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

ते रोज दुपारी जाऊ लागले. आधी कठडा, मग फळी धरून पाय मारणं, मग एक दिवस पाठीवर. बायकोचा हात मानेखाली होता, आणि मग तो नव्हता. छताच्या काचेतून उजेड येत होता, कानांत पाणी गुणगुणत होतं आणि ते तरंगत होते. पायाखाली ब्रेक नव्हता. काहीच नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की ते हसले, आणि हसल्याबरोबर बुडाले.

या सगळ्यात दंडावरची पट्टी रोज पाण्यात सुटून जायची. मास्तर अक्काच्या धाकानं बोलले नाहीत. पण तलावाच्या सफाईवाल्यानं एक दिवस एका फळीच्या तळाला चिकटलेल्या पट्ट्यांची नक्षी पाणीबाईला दाखवली, आणि संध्याकाळी टेबलावर पुन्हा रण पेटलं.

"पट्टीवाचूनच राहिले की," पाणीबाई म्हणाली. "शिकलेलं शिकण्यानंच गेलं."

"सकाळभर पट्टी होती म्हणून दुपारी पाण्यात उतरता आलं," अक्का म्हणाली. "आणि इतकं धापा टाकत पोहल्यावर शरीर स्वतःच नशा करतं. विचार कुठल्याही डॉक्टरला."

मास्तर सूप पीत होते. सटकायला गच्ची होती, पण जावंसं वाटत नव्हतं. "मधे एकदा ओढली मी," ते सहज म्हणाले.

दोघींनी एकदम माना वळवल्या.

"मागच्या आठवड्यात, गॅरेजवर. मेकॅनिकनं पुढे केली, मी घेतली. दोन झुरके. सतराव्या वर्षी आली होती तशीच चक्कर आली, तसंच मळमळलं. टाकून दिली."

"म्हणजे शरीर परत शहाणं झालं," अक्का म्हणाली.

"म्हणजे धडा पुसला गेला," पाणीबाई म्हणाली.

"म्हणजे मला कसंतरी झालं," मास्तर म्हणाले, आणि आणखी सूप मागितलं.

पुढे उन्हाळ्यात तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. दोन दिवसांतच मास्तर घरात येरझारा घालू लागले. झोप उडाली, अंग आंबलं, क्षुल्लक गोष्टीवरून ग्रंथपालाशी भांडण झालं. अक्कानं नाडी पाहिली, पाणीबाईनं कपाळाला हात लावला. दोघींनी एकमेकींकडे अर्थपूर्ण पाहिलं. आणि या वेळी भांडायच्या ऐवजी दोघींना हसू फुटलं.

"पाण्याचं व्यसन लागलं याला," अक्का म्हणाली. "जित्याची खोड."

"मग न्या पाण्यावर," पाणीबाई म्हणाली.

गावाबाहेर एक तळं होतं. सकाळी कोवळ्या उन्हात शाळेची गाडी तिथे जाऊन उभी राहिली. मास्तर शर्ट काढून धावतच गेले आणि धबकन आत शिरले. पाणीबाई हसत त्यांच्या मागे. अक्का काठावरच्या दगडावर हातात टॉवेल घेऊन बसली. आयुष्यात तिनं बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घातला नव्हता. पण त्या दोघांचा धुडगूस पाहून आधी तिच्या चपला निघाल्या, मग घोटे भिजले, मग गुडघे.

"अक्का, येतेस?" मास्तरांनी विचारलं.

"माझं शरीर नको म्हणतंय."

"पहिल्यांदा म्हणतंच ते."

अक्कानं भावजयीकडे पाहिलं. पाणीबाईनं हात पुढे केला. मास्तरांनी दुसरा धरला, आणि थोड्याच वेळात अक्का छातीएवढ्या पाण्यात उभी राहून दोघांना सगळ्या ठाऊक असलेल्या शिव्या देत होती. मग त्यांनी तिला पाठीवर झोपवली.

"अंग सैल सोड," मास्तर म्हणाले. "क्लच सोडतात तसं. हळू. अजून हळू. आता आरशात बघू नकोस, समोर बघ."

"समोर नुसतं आभाळ आहे, बाळ."

"मग तिकडेच चल."

अक्काची बोटं त्यांच्या मनगटात रुतली होती. ती एकेक करून सैल झाली. ती डोळे उघडे ठेवून तरंगत राहिली, पांढरे केस पाण्यावर पसरलेले, आणि मग ती अचानक खुदकन हसली, सोळा वर्षांची असल्यासारखी. नाकात पाणी गेलं. ती खोकली, थुंकली, दोघांना धरून उभी राहिली आणि तोंडावरचं पाणी निपटत म्हणाली, "परत एकदा."